एक्केचाळीस नंबरचा चिमटा

माझी थोरली जाऊ कारखान्याच्या सायकली कापायची. दुरुस्तही करायची, त्यासाठीच तर तिला ठेवली होती. पण तिचं नाव झालं ते कापण्यामुळे. लोक तिला करवत म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिला त्याचं काही वाटत नसे. "करवतच म्हणतात ना? बोथट तर नाही म्हणत," असं म्हणून ती पुढच्या सायकलकडे वळायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, माघारी मात्र एकेरी. तिला ते ठाऊक आहे आणि इथेही मी तसंच लिहिणार आहे.

आमचा कारखाना कागदाचा. ओंडक्यांच्या आवारापासून पॅकिंगच्या शेडपर्यंत चालत जायचं तर पंचवीस मिनिटं मोडतात. म्हणून कारखान्याच्या स्वतःच्या बहात्तर सायकली होत्या, सगळ्या हिरव्या, मागच्या मडगार्डवर पांढरा नंबर. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी सायकलशेडपुढे ही झुंबड. ज्याला सायकल मिळाली तो राजा, नाही मिळाली तो पायी. आणि पायी चालणारा उशिरा पोचणार, अन् उशिरा पोचणाऱ्याची नोंद करणार मी, टाइम ऑफिसातली टायपिस्ट. म्हणजे एक जाऊ सायकल अडवणार आणि दुसरी माणूस. आम्हा दोघींना मिळून लोक काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिचं काम मी जेवणाच्या सुट्टीत पुष्कळदा पाहिलंय. शेडमध्ये छताला दोन आकडे होते. त्यांना सायकल उलटी टांगायची. संशय असेल तो भाग आधी रॉकेलच्या फडक्याने ओला करायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग कोरडा खडखडीत पुसायचा आणि वर खडूची पूड भुरभुरवायची. लोखंडात केसाएवढी जरी चीर असली तरी आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. ती रेघ दिसली की जाऊबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "आलीस का बाहेर?" जणू दाराआड लपलेली कुणी चोरटी मोलकरीणच सापडली.

मग करवत. लोखंड कापायची, निळ्या मुठीची. सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो दोन पायांचा भाग, असा पाच मिनिटांत दोन तुकडे होऊन पडायचा.

सगळंच ती कापायची असं मात्र नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक ते सांगायचं सोयीस्कर विसरतात. घंटी वाजत नाही? तोंड आहे ना तुम्हाला, ओरडा आणि जा. मडगार्ड वाकडं? जा, पँट मळेल तेवढीच. सीट फाटली? बसणाऱ्याला कळेल. एखादा स्पोक तुटला तर "आज जा, पण संध्याकाळी मला आणून दाखव, नाहीतर उद्या शेजारचे दोन जातील." ब्रेकचे रबर झिजले असतील तर सायकल जागची हलायची नाही, पण दहा मिनिटांत नवे घालून मिळायची. करवत निघायची ती चारच ठिकाणी: चिमटा, हँडलचा दांडा, पेडलचा दांडा आणि चिरलेली रिम. "बाकीचं मोडलं तर माणूस थांबतो," ती म्हणायची, "हे मोडलं तर माणूस पडतो."

ओंडके मोजणारा एक गडी होता, त्याने एकदा तिला विचारलं, "पण बाई, गेले दोन महिने मी हिच्यावरच फिरतोय. काही झालं का?"

"नाही झालं."

"मग?"

"मग काय? दोन महिने नशीब वापरलंत. उरलंय किती ते मोजून आणा, मग देते."

पण कापायचंच कशाला? बाजूला टाकलं तर पुरत नाही का? हे मीही तिला विचारलं होतं. उत्तर मला फोरमनकडून कळलं. ती शेडमध्ये नवीन लागली तेव्हा खराब भाग भंगारात टाकायची. एका माणसाने त्या भंगारातून हँडलचा दांडा उचलला, आपल्या सायकलला बसवला आणि लगद्याच्या टाकीकडच्या उतारावरून निघाला. अर्ध्या उतारावर हँडल सुटून हातात आलं. जाऊबाई धावत गेली तेव्हा तो रस्त्यावर बसला होता, आणि ते हँडल तसंच दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. तिने त्याचे दात रुमालात गोळा केले. चार होते. पाचवा शोधायला ती उतारावर गुडघ्यांवर रांगली म्हणतात. त्या दिवसापासून भंगारात अख्खा भाग गेला नाही. अर्धा चिमटा कुणी बसवू शकत नाही.

आता घरची गोष्ट. आम्ही एकाच घरात राहतो. खाली भाऊजी आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं, मध्ये एक करकरणारा जिना. भाऊजी त्याच कारखान्यात वेल्डर. वेल्डर म्हणजे असे तसे नव्हेत. वाफेच्या नळाला भोक पडलं की बाहेरच्या कारखान्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. बोलणं कमी आणि हाताचा अभिमान जबर. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. तो शिजवलेल्या लगद्याचे नमुने डब्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवतो. एका पाळीत बारा खेपा, आणि प्रत्येक खेपेला तो उतार. या कामाला सायकल राखीव, एक्केचाळीस नंबरची. हळू चालवणं हे त्याला जमत नाही. लग्नाच्या आधीपासून जमत नाही, मी प्रयत्न सोडून दिलाय.

मग नवे साहेब आले. तसे वाईट नव्हते, पण त्यांना बिनकामाची पडलेली वस्तू दिसली की चैन पडायचं नाही. शेडमध्ये त्या दिवशी एकोणीस सायकली नव्या भागांची वाट बघत बंद पडून होत्या. "माणसं पायी चालतात आणि इथे चालत्या सायकली कापल्या जातात!" असं म्हणाले आणि मला आत बोलावून हुकूम टाइप करायला सांगितला. यापुढे कापणं बंद. तडा गेलेला भाग वेल्डिंगला जाईल. जोडून, रंगवून परत येईल. आणि प्रत्येक सायकलला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली जाईल, तिच्यावर लिहिलेलं असेल: "तपासली. चालवण्यास सुरक्षित." खाली जाऊबाईची सही.

बहात्तर चिठ्ठ्या मीच टाइप केल्या. टाइप करताना मला काही वाटलं का? खरं सांगायचं तर बरं वाटलं. रोज सकाळी माणसांच्या शिव्या खाऊन मीही कंटाळले होते.

भाऊजींच्या शेडमध्ये कामाचा ढीग पडला आणि त्यांची छाती फुगली. इतकी वर्षं त्यांची बायको जे कापत होती, ते आता त्यांच्या हातून अखंड होऊन बाहेर पडणार होतं. घरात त्या दोघांचं बोलणं बंद झालं. जेवताना सगळा व्यवहार माझ्यामार्फत.

"तुझ्या भाऊजींना सांग, मीठ त्यांच्या कोपराशी आहे."

"तुझ्या जाऊबाईंना सांग, मला दिसतंय."

"सांग त्यांना, दिसतंय ते सगळं असतं असं नाही."

मी म्हटलं, मला जेवू द्या, मी काही टेलिफोन नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एक्केचाळीस नंबर शेडमध्ये आली. खडूवर रेघ उमटली ती चिमट्याच्या खांद्याशी, जिथे दोन पाय वरच्या दांड्याला मिळतात तिथे. जाऊबाईने करवत उचलली, पण तेवढ्यात फोरमनने हुकूम दाखवून चिमटा काढून नेला. तीन दिवसांनी तो परत आला. काय काम होतं ते! जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. घासून गुळगुळीत, वर ताजा हिरवा रंग. माझ्या नवऱ्याने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "दादाने जोडलंय. आता ही मला पुरून उरेल."

जाऊबाईने सही केली नाही. साहेबांनी निरोप पाठवला, सही नाही. फोरमन स्वतः येऊन बसला, चहा पिऊन गेला, सही नाही. मग मला पुन्हा आत बोलावलं आणि मी माझ्या थोरल्या जावेच्या नावाने कारणे दाखवा नोटीस टाइप केली. हुकूम न मानल्याबद्दल आपल्याला कामावरून का कमी करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत समक्ष येऊन करावा. दोन प्रती, एक कार्बन. एकही चूक झाली नाही. असल्या वेळी माझी बोटं फार शहाण्यासारखी वागतात.

संध्याकाळी शेडमध्ये जाऊन मी तिला समजावायला बसले. आणि मी काय काय बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हटलं, जाऊबाई, एक सही तर आहे. सही नाही केलीत तर नोकरी जाईल, आणि उद्या त्या जागी दुसरं कुणीतरी येऊन बहात्तरच्या बहात्तर चिठ्ठ्यांवर डोळे मिटून सह्या करेल. मग म्हटलं, परकं कुणी जोडलं असतं तर मीही घाबरले असते. पण भाऊजी आहेत. सख्ख्या भावाच्या जिवाशी ते खेळतील का? तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही का?

ती चेनला तेल घालत होती. तेलाचा डबा खाली ठेवून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्टुलावर अंग चोरून बसावं लागलं.

"विश्वास कुणावर, तुझ्या भाऊजींवर? डोळे मिटून आहे. त्यांनी मला सांगितलं नदीत चाल, तर चपला हातात घेऊन विचारीन, कुठून उतरू. पण त्या पाइपाला ठाऊक आहे का, आपल्याला कुणी जोडलं? त्याला वाटणार आहे का, की बसलाय तो आपल्या वेल्डरचा भाऊ, जरा दमानं घेऊ?"

"पण जोड मजबूत आहे—"

"जोड मजबूतच आहे! मी कधी म्हटलं नाही म्हणून? त्यांचा जोड नाही तुटायचा. जोडाच्या शेजारी तुटेल. पातळ पाइप आहे, जोडताना कडेला तापून निळा होतो आणि तिथे नरम पडतो. हे मी नाही शोधून काढलं. हे मला लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलंय."

मी म्हटलं, मग हे त्यांनाच का नाही सांगत?

"त्यांना ठाऊक नाही असं वाटतं तुला?" ती म्हणाली आणि पुन्हा तेलाचा डबा उचलला.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे. साहेब टेबलामागे, फोरमन खिडकीपाशी, भाऊजींना जाणकार म्हणून बोलावलेलं, आणि जो सायकल वापरतो तो म्हणून माझा नवरा. मी कोपऱ्यात वही घेऊन, झालेलं बोलणं उतरवून घ्यायला. एक्केचाळीस नंबर कपाटाला टेकून उभी, फरशी मळू नये म्हणून चाकांखाली जुनी वर्तमानपत्रं. जाऊबाई आली ती कामाच्याच कपड्यांत, हात तेलकट. खुर्ची दिली तर म्हणाली, "नको, डाग पडेल."

साहेब सौम्यपणे बोलले. म्हणाले, "बाई, आमचे उत्तम वेल्डर म्हणतात जोड पक्का आहे. चालवणारा म्हणतो मी चालवायला तयार आहे. मग तुम्हीच का अडून बसता?"

"कारण चिठ्ठीवर नाव माझं आहे."

"एवढंच ना? मग त्यांचं घालू." साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी चिठ्ठी भाऊजींपुढे सरकवली, वर स्वतःचं पेन ठेवलं. "करा सही. बाईंचंही काम सोपं झालं."

भाऊजींनी पेन उचललं, टोपण काढलं. माझा नवरा माझ्याकडे पाहून हसला. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. घर वाचलं, नोकरी वाचली, सगळ्यांचा मान राहिला.

तेव्हा जाऊबाई नवऱ्याशी बोलली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, थेट.

"अहो, एकच विचारते. रंग लावायच्या आधी जोडाच्या खाली पाइप निळा पडला होता का?"

भाऊजी चिठ्ठीकडे पाहत राहिले.

"होता का नव्हता, तेवढंच सांगा."

"होता," भाऊजी म्हणाले.

"किती?"

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं जुळवून दाखवली.

"मग करा सही," जाऊबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मागेही हटलेला नव्हता. "मी नाही अडवत."

साहेब म्हणाले, "निळा म्हणजे काय? मला कळेल असं सांगा. जोड पक्का आहे ना?"

"जोडाची सही करतो, साहेब," भाऊजी म्हणाले. "कुठेही करतो. खालच्या पाइपची नाही करता यायची."

"म्हणजे सुरक्षित की असुरक्षित?"

भाऊजींनी टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं, अगदी सरळ, टेबलाच्या कडेला समांतर. साहेबांचा पारा चढला. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "तू चालवतोस ना? तुझी तयारी आहे ना? मग तूच कर सही, विषय संपव."

आणि माझा तो दीडशहाणा नवरा पेनाकडे हात करता झाला. दादाची लाज राखायला निघाला होता! मी जागची उठले की नाही ते मला आठवत नाही. वही खाली पडली एवढं खरं.

"थांब," भाऊजी म्हणाले. भावाकडे न बघता, आपल्याच हातांकडे बघत. "तू पायी जा."

"अरे पण दादा, तूच तर—"

"पायी जा म्हटलं ना."

माझ्या नवऱ्याचा हात खाली आला. लहानपणापासून त्याने ऐकलंय ते या एकाच माणसाचं. मी वही उचलून लिहू लागले, तेव्हा साहेब मला म्हणाले, "हे शेवटचं नको. असं लिहा, वेल्डरने जोडाबद्दल समाधान व्यक्त केलं, सहीचा निर्णय राखून ठेवला."

बारा वर्षं मी सांगितलं ते टाइप केलं होतं. हुकूम, चिठ्ठ्या, माझ्या जावेची नोटीस. त्या दिवशी कुठून बळ आलं ठाऊक नाही; राग मात्र कुठून आला ते पक्कं ठाऊक आहे. तो हात पेनाकडे जाताना पाहिला होता मी.

"साहेब," मी म्हटलं, "बोलले ते लिहिलंय. 'निळा होता,' दोन बोटं. 'तू पायी जा.' दुसरं हवं असेल तर दुसऱ्या टायपिस्टला बोलवा. मग माझ्याही नावाने एक नोटीस काढा. टाइप मीच करून देते, चुका होणार नाहीत."

फोरमन खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते, बहुधा खोकला आला असावा.

चिठ्ठीवर वेल्डरची सही नव्हती, चालवणाऱ्याची नव्हती, आणि पडला असता कुणी तर वरच्यांनी पहिला माझ्या वहीतला कागदच मागवला असता. साहेबांना ते माझ्याआधी कळलं. आठवड्याभराने हुकूम मागे घेतला गेला. जाऊबाईला उद्धट वर्तनाबद्दल ताकीद मिळाली, मला सौम्य ताकीद. आपल्यापेक्षा मला सौम्य का, यावरून ती दोन दिवस कुरकुरत होती.

एक्केचाळीस नंबरचा चिमटा मात्र तिने त्या बैठकीच्याच दिवशी कापला, हुकूम मागे घेण्याची वाट न बघता. भाऊजींनी शेडमध्ये येऊन दुसरं टोक धरलं. दोघं एक शब्द बोलले नाहीत. ते पाहत उभं राहणं बरोबर नव्हे असं वाटून मी दाराबाहेर आले.

तुकडे पडल्यावर भाऊजी निघून गेले. मग मी आत जाऊन एक तुकडा हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. चीर नाही, काही नाही, आतून स्वच्छ चकचकीत लोखंड. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं, त्यात दाखवायला काहीच नव्हतं.

"जाऊबाई," मी म्हटलं, "हा खरंच तुटला असता का हो?"

"मला काय ठाऊक? उद्या तुटला असता. कदाचित दहा वर्षं चाललाही असता."

"मग लोक म्हणणारच की, चांगला चिमटा कापला. तुम्ही खऱ्या होतात हे कधी कळणारच नाही कुणाला."

"नाहीच कळणार. कापलेला चिमटा मोडून दाखवत नाही." तिने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला आणि भंगाराच्या पेटीत फेकला. "मी खरी ठरायला काय व्हायला हवं होतं, ते बोलून दाखव एकदा. आहे हिंमत? मला नाही खरी ठरायचं. आयुष्यभर करवत म्हणा, खोटारडी म्हणा, वेडी म्हणा. मी कापणार."

तेवढ्यात उतारावरून माझा नवरा येताना दिसला, दोन्ही हातांत नमुन्यांचे डबे, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, खेपेला वीस मिनिटं उशीर. शेडसमोरून जाताना तो थांबलासुद्धा नाही, पण आम्हा दोघी जावांचा त्याने असा काही उद्धार केला की ओंडक्यांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. मी दारात उभी राहून त्याच्या दोन्ही धडधाकट गुडघ्यांकडे बघत राहिले, कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत. मग टाइम ऑफिसात जाऊन त्याच्या नावापुढे उशिराची नोंद केली.